गोधडीच्या मापाच्या कड्या

बंदुका दुरुस्त करणारा माणूस म्हटला की लोकांना वाटतं, याच्यापाशी वाघाच्या गोष्टी असणार. या अंकाच्या संपादकांनीही तीच आशा धरून मला गाठलं. तबला मढवणाऱ्याला कोणी गायला सांगत नाही, पण आमच्या धंद्याला ही सवलत नाही. मी आयुष्यात वाघ पाहिला तो सर्कशीत, आणि तोही जांभया देत होता. तेव्हा वाघाचं सोडून द्या. मी तुम्हाला कड्यांची गोष्ट सांगतो.

धुळ्याला आग्रा रोडच्या एका बोळात माझं दुकान होतं. त्याआधी भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात मी लेथवर हात साफ केला आणि मग जळगावला मामांकडे बंदुकीचं काम शिकलो. मामा फार कडक होते. दुकानात आलेल्या बंदुकीचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत लोटणारा दांडा, आधी काढून गिऱ्हाइकासमोर टेबलावर ठेवायचा, मगच ‘या, बसा’ म्हणायचं, हा त्यांचा दंडक. गिऱ्हाईक कलेक्टर असो नाहीतर सासरा. मी धुळ्याला दुकान थाटलं तेव्हा ही एवढी एकच गोष्ट त्यांनी मला परत परत बजावली होती.

इंग्रज गेले त्या सुमाराला आमच्या भागात चांगल्या रायफली बऱ्याच निघाल्या. जंगलखात्याचे, पोलिसखात्याचे साहेब बोटीवर चढायच्या आधी सामान विकून मोकळे होत होते. त्या सामानात कधीकधी दुर्बीणही असायची. बंदुकीवर बसवायची, हातभर लांब, काळी, नळकांड्यासारखी. ज्याला ती मिळायची तो ती छातीशी धरून माझ्याकडे यायचा आणि म्हणायचा, ‘बसवून द्या.’ जणू काही टोपीच डोक्यावर बसवायची आहे.

दुर्बीण बंदुकीवर नुसती बसत नाही. खाली एक बैठक लागते, ती बंदुकीच्या अंगाला स्क्रूनं पक्की होते. त्या बैठकीवर दोन कड्या उभ्या राहतात आणि त्या दोन कड्यांनी दुर्बिणीचं नळकांडं पोटाशी धरायचं असतं. सगळी मदार त्या कड्यांवर. कडी नळकांड्यापेक्षा मोठी पडली तर दुर्बीण आत सरकते आणि नेम रोज नवा गाव दाखवतो. लहान पडली आणि कोणी जोर करून आवळली, तर नळकांडं चेपतं. कड्या उंच घेतल्या तर माणसाची हनुवटी बंदुकीच्या लाकडी दस्त्यावरून सुटते आणि तो कोंबड्यासारखी मान ताणून बघतो. फार बुटक्या घेतल्या तर बोल्ट उघडताना त्याची मूठ दुर्बिणीला अडते. म्हणून माझा नियम सोपा होता. बोल्ट मोकळा फिरेल इतक्या उंच, आणि त्यापेक्षा केसभरही जास्त नाही.

हे लोकांना पटत नसे. भुसावळचे एक निवृत्त गार्डसाहेब होते. त्यांच्या कड्या नळकांड्याला मोठ्या होत्या, तर त्यांनी त्यात रेल्वेची जुनी पुठ्ठ्याची तिकिटं कापून पाचर मारली होती. माझ्याकडे तक्रार काय, तर नेम ठरत नाही. मी कड्या उघडल्या, आतून नाशिकचं अर्धं तिकीट निघालं. मी म्हटलं, ‘साहेब, अर्ध्या तिकिटावर एवढा लांबचा प्रवास कसा होणार?’ ते रागावले, मग हसले, आणि पुढे माझे चांगले मित्र झाले. जळगावच्या एका बड्या घरच्या चिरंजीवांना मात्र हसू आलं नाही. त्यांना दुकानातल्या सर्वांत उंच, सर्वांत चकचकीत कड्या पाहिजे होत्या, कारण फोटोत त्या उठून दिसतात. त्यांना पाहिजे ते मी दिलं नाही, म्हणून दुसरीकडून बसवून घेऊन ते मला मुद्दाम दाखवायला आले. भुवईवर पट्टी होती.

ती पट्टी कशाची, ते सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे. बार काढला की बंदूक मागे धक्का देते. डोळा दुर्बिणीला फार जवळ असेल तर तिची कड भुवईवर येऊन आदळते. डोळा फार लांब असेल तर जखम होत नाही, पण चित्र आकसतं आणि भोवती काळं कडं येतं. डोळ्याची जागा मधली, तीन-चार बोटं मागे. आता हे अंतर बंदुकीवर नसतं, माणसावर असतं. कोणाची मान लांब, कोणाची आखूड, कोणी गाल दाबून बसवतो, कोणी नुसता टेकवतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला डोळे मिटायला सांगायचो, मिटल्या डोळ्यांनी रिकामी बंदूक खांद्याला लावायला सांगायचो, आणि मग म्हणायचो, ‘उघडा.’ उघडल्याबरोबर चित्र पूर्ण गोल दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर दुर्बीण कड्यांमध्ये मागेपुढे सरकवायची. मुलगी बघायला गेल्यासारखं गिऱ्हाईक तेव्हा अवघडून बसायचं.

धुडकू आबाही असेच अवघडून बसले होते.

आबा शिरपूरच्या वरच्या अंगाचे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावाचे. उंच, काटक, मिशा पांढऱ्या, बोलणं थोडं. गावाच्या शिवाराची राखण त्यांच्याकडे होती. भुईमुगात आणि दादरच्या ज्वारीत डुकरांचे कळप शिरत, एका रात्रीत शेत नांगरून टाकत. आबा शेतातल्या उंच माळ्यावर बसत आणि कळप परतवत. त्याबदल्यात खळ्यावर रास झाली की पहिलं सूप आबांच्या नावाचं. मग देवाचं. हा त्या गावाचा रिवाज होता, आणि आबांना त्या धान्यापेक्षा त्या ‘पहिलं’ शब्दाचं अप्रूप जास्त होतं. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही, पण समजत होतं.

जंगलखात्याच्या एका साहेबाची रायफल तो जाताना आबांकडे आली होती, रीतसर परवान्यानं. तिच्याबरोबर दुर्बीण आली होती, ती बरीच वर्षं फडक्यात पडून होती. मग आबांचं वय झालं. उतारवयात डोळ्याला लांबचं दिसतं पण जवळचं पुसटतं, त्यामुळे नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी विरघळल्यासारखा होतो. दुर्बिणीत मणीही नाही आणि पुसटणंही नाही. म्हणून आबा वैशाखात ते फडकं घेऊन माझ्याकडे आले. अंगात पातळ सदरा, खांद्यावर घामानं चिकटलेला. मी बोल्ट काढून टेबलावर ठेवला, त्यांना बसवलं, डोळे मिटवले, उघडवले. समोरच्या चिंचेच्या शेंड्यावर त्यांनी दुर्बीण लावली.

‘दिसतंय, आबा?’

‘बठ्ठं दिखस,’ आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, म्हणजे सगळं दिसतंय. मग जरा थांबून म्हणाले, ‘कावयानं घरटं बी दिखस. त्यामा पिलं शेतस.’

आबा गेले, आणि मी विसरलो. दिवाळीनंतर हिवाळ्यात ते परत आले. दुर्बीण सोडवून वेगळ्या फडक्यात बांधून आणली होती.

‘मिस्तरी, ही दुर्बीन आते तुम्हीच ठेवा. मन्हा डोया गया.’

मी विचारलं, काय होतं?

‘आधी कडवर काया. मंग बठ्ठं बारीक बारीक व्हत जास. मन्हा मोठा भाऊ असाच आंधया व्हयना व्हता. आधी कडवर काया.’

अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो; काया म्हणजे काळं. हा त्यांचा मोठा भाऊ शेवटची वर्षं भिंत चाचपत चाचपत अंगणात यायचा, हे मला नंतर कळलं. आबांनी त्याला हाताला धरून शेतावर नेलं होतं, आणि आता आपलीही तीच पाळी आली असं ते धरून बसले होते. आवाजात रडगाणं नव्हतं. मला ते जास्त लागलं.

मी दुर्बीण पुन्हा बसवली, कड्या तपासल्या, आबांना बसवलं. चित्र पूर्ण गोल. चिंचेच्या शेंगा मोजून दाखवल्या त्यांनी. मी म्हटलं, ‘आबा, दिसतंय की!’

‘आठे दिखस. तठे शिवारमा गया का काया व्हई जास.’

मी त्यांना धुळ्याच्याच एका डोळ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर भले होते. बराच वेळ तपासून म्हणाले, वयाच्या मानानं डोळे उत्तम आहेत. बाहेर आल्यावर आबा माझ्याकडे बघून हसले. ‘डाक्टर मन राखाकरता बोलस,’ एवढं म्हणून ते स्टँडकडे चालू लागले. बंदूक पाठीला, दुर्बीण तिच्यावर, आणि चाल अशी की देवाला सोडून आलेल्या पालखीच्या भोयासारखी रिकामी. मी दुकानात येऊन बसलो, पण हात कामाला लागेना. लोखंड बिघडलं तर मला समजतं. हे काय बिघडलं होतं ते समजत नव्हतं.

थोड्याच दिवसांनी दुकानाच्या पायरीशी एक म्हातारी बाई उभी राहिली. बंदुकीच्या दुकानात बायका येत नाहीत, त्यामुळे समोरचा पानवालाही मान वळवून बघू लागला. ठेंगणी, कपाळावर गोंदण, हातात कापडी पिशवी. म्हणाली, मी धुडकू आबांच्या घरून आले. त्या आबांच्या पत्नी, अक्का.

मी स्टूल दिलं, त्या बसल्या नाहीत.

‘भाऊ, बंदूक खुटीले टांगी दिनी त्यासनी. शिवारमा जात नहीत, कोनसंगे बोलत नहीत. भितडाले हात लाई लाई चालतस. दिखस तरी बी हात लावतस. सवय करी ऱ्हायनात.’

दिसत असूनही भिंत चाचपायची सवय करणारा तो माणूस माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

‘एक डाव आमना गावले या. पन मन्हं नाव सांगू नका.’

पिशवीतून त्यांनी भुईमुगाच्या शेंगा काढून टेबलावर ठेवल्या आणि परतीच्या मोटारीला गेल्या.

मी गेलो. शिरपूरकडचं एक काम निघालं, अशी थाप मारली. आबांनी माझं आदरातिथ्य केलं, पण माळ्यावर जायला तयार होईनात. शेवटी मी म्हटलं, ‘आबा, काम माझं आहे. दुर्बीण तुमच्या शिवारात काळी का होते ते मला बघू द्या, नाहीतर माझा धंदा कशाला?’ धंद्याची अब्रू म्हटल्यावर ते उठले.

दिवस कलायला आला होता. थंडी बोचत होती. दादरची कणसं डोक्यावर गेली होती. माळ्याखाली आम्ही पोचलो, तर मागून अक्का भाकरी घेऊन आल्या, आणि काखेत एक गोधडी. आबांनी डोळे वटारले. अक्कांनी तिकडे पाहिलंच नाही. आबा बंदूक हातात घेऊन उभे होते. अक्का पुढे झाल्या, गोधडीची चौघडी केली, तिला शिवलेला एक बंद आबांच्या गळ्यातून घातला आणि ती चौघडी त्यांच्या उजव्या खांद्यावर नीट बसवली. दोन्ही हातांनी दाबून दाबून, लेकराला झबलं घालावं तसं.

‘थंडी शे,’ त्या मला म्हणाल्या.

‘हा, थंडी शे,’ आबाही घाईघाईनं म्हणाले.

थंडी दोन्ही खांद्यांना असते. मी पुढे होऊन त्या गोधडीत बोटं घातली. चांगली दोन बोटं जाड. मग मी आबांना तिथंच बंदूक लावायला सांगितली. त्यांनी लावली, आणि चेहरा पडला. ‘काया,’ ते म्हणाले. ‘देखा, काया.’

मी गळ्यातला बंद सोडवला, गोधडी काढून अक्कांच्या हातात दिली. ‘आता?’

आबांनी परत बंदूक खांद्याला लावली. बराच वेळ खाली घेतली नाही. लांब टेकडीवर कोणीतरी शेळ्या परत आणत होतं, तिकडे ते बघत राहिले. बंदूक खाली आली तेव्हा गाल ओला होता, आणि मिशीवरून हात फिरवायच्या निमित्तानं त्यांनी तो पुसला. मी मोठ्यानं हसलो, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना. म्हटलं, ‘आबा, डोळा जागेवर आहे. गोधडीनं बंदूक पुढे ढकलली, तुम्ही मागे राहिलात, एवढंच.’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मागे एकदा आबा माळ्यावरून पडले होते आणि उजव्या बाजूचं गळ्याजवळचं हाड मोडून वेडंवाकडं जुळलं होतं. बंदुकीचा धक्का नेमका तिथं बसायचा. खांदा काळानिळा व्हायचा, आबा कण्हतही नसत, पण कूस बदलताना अक्कांना समजायचं. म्हणून त्यांनी जुन्या लुगड्यांची ती गोधडी शिवली होती, बंदासकट. आबांना त्याची लाज. सगळ्या शिवाराचा राखणदार, आणि बायको त्याला गोधडी बांधते. ‘गावले कयनं तं हासतीन लोके,’ ते म्हणाले. धुळ्याला येताना म्हणूनच गोधडी आणली नव्हती, दोन्ही वेळा. वैशाखात तर प्रश्नच नव्हता, पण हिवाळ्यातही नाही.

‘आते गोधडी घर ऱ्हाऊ दे,’ आबा म्हणाले. डोळे परत मिळाल्याच्या आनंदात त्यांना खांद्याची पर्वा नव्हती.

अक्कांनी गोधडी छातीशी धरली. ‘मंग तो खांदा काय लोखंडना शे?’

आबा माझ्याकडे बघू लागले, अक्काही बघू लागल्या. नवराबायकोच्या भांडणात लोहारानं पडू नये, पण मला तिथं उत्तर देणं भाग होतं. मी म्हटलं, ‘गोधडी राहील. कड्या बदलू.’

बोलून बसलो, पण काम सोपं नव्हतं. दुर्बीण मागे, डोळ्याकडे सरकवायला पाहिजे होती. दुर्बिणीच्या मधोमध नेम फिरवायच्या चकत्यांचा एक उंचवटा असतो, तो मागच्या कडीला जाऊन टेकत होता. सरळ कड्यांत ती याहून मागे येणारच नव्हती. त्याला मागे झुकलेल्या कड्या लागतात, म्हणजे पाय बैठकीवर आणि मान मागे. माझ्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात जोडीदार हरवलेल्या कड्या पडलेल्या असत. कोणाची एक तुटलेली, कोणाची एक नेमकी बोटीत राहिलेली. परदेशी माल येणं तेव्हा दुरापास्त झालं होतं, म्हणून मी काहीच फेकत नसे. त्या डब्यात तशी झुकलेली कडी निघाली. एकच. कुरूप होती, बदकासारखी. तिच्याकडे बघून बघून मी दुसरी घडवली. आधी लेथवर, मग कानशीनं, मग दोन्ही कड्यांतून एकच सरळ सळई घालून ती दोहोंत सारखी बसेपर्यंत घासत राहिलो. दोन कड्या एका रेषेत नसतील तर दुर्बिणीला पीळ बसतो, आणि तो पीळ बाहेरून दिसत नाही. मी त्या कामावर इतका वेळ घालवला की घरात मला विचारू लागले, कोण मोठं गिऱ्हाईक आहे?

आबा आले तेव्हा गोधडी पिशवीच्या तळाशी, वर भाजी. मी दुकानाची एक फळी लावून घेतली. पानवाल्याला काही दिसणार नाही याची खात्री झाल्यावरच त्यांनी ती बाहेर काढली आणि खांद्यावर घातली. बंद मला बांधावा लागला. अक्कांची गाठ मला काही जमली नाही. डोळे मिटले, उघडले. चित्र पूर्ण गोल. तेव्हा मी स्पिरिटानं स्क्रूंचं तेल पुसलं आणि एक इकडचा, एक तिकडचा असे आलटून पालटून आवळले. त्या वर्षी खळ्यावरचं पहिलं सूप आबांच्या नावाचं निघालं. अक्कांनी त्यातली मूठभर दादर फडक्यात बांधून मला पाठवली.

पुढे बरीच वर्षं आबांची रायफल माझ्याकडे फक्त साफसफाईला यायची. कड्यांना हात लावायची वेळ आली नाही. साठ सालाच्या सुमारास, दिवाळीनंतर, आबा दारात उभे राहिले. फार थकले होते. अक्का पावसाळ्यात गेल्या, हे त्यांनी मी विचारायच्या आत सांगितलं. मला मोठा धक्का बसला. समाचाराला जायला हवं होतं, पण मला कोणी कळवलंच नव्हतं.

मी बोल्ट काढून टेबलावर ठेवला. मामांचा दंडक.

‘मिस्तरी, परत काया दिखस,’ आबा म्हणाले. ‘कड्या ढिल्या व्हयन्यात का?’

कड्या जशा आवळल्या होत्या तशाच घट्ट होत्या. मी म्हटलं, ‘गोधडी आणलीय?’ त्यांनी आणली होती. मी बोटं घातली. पूर्वी दोन बोटं होती ती आता एकही भरत नव्हती. धुऊन धुऊन, दबून दबून थर बसले होते. डोळा आता दुर्बिणीच्या फार जवळ जात होता, आणि फार जवळूनही चित्राची कड काळवंडते. एखाद्या दिवशी भुवई फुटली असती.

कड्यांचे स्क्रू ढिले करायचे, दुर्बीण थोडी पुढे सरकवायची, परत आवळायचे. चहा गार व्हायच्या आत झालं असतं. स्क्रूड्रायव्हर मी हातातही घेतला होता. तो परत ठेवला.

‘आबा, कड्या बरोबर आहेत,’ मी म्हटलं. ‘गोधडी झिजलीय. अक्कांचं एखादं लुगडं आहे का घरात?’

आबा टेबलावरच्या बोल्टकडे बघत राहिले. ‘पेटीमा एक हिरवं शे. सून म्हनस, कोनले दी टाकू.’

‘देऊ नका. त्याचा थर लावायला सांगा, आणि मग या.’

बाजाराच्या दिवशी ते आले. दुकानात गिऱ्हाईक होतं, पायरीवर पानवाला गप्पा छाटत उभा होता. मी उठून फळी लावायला गेलो, तर आबांनी हात करून मला थांबवलं. पिशवीतून गोधडी काढली, सगळ्यांसमोर खांद्यावर घातली. हिरव्या लुगड्याचा थर वर होता, काठासकट. बंद त्यांनी स्वतःच बांधला. पानवाला बघत होता, पण हसला नाही.

आबांनी डोळे मिटले, बंदूक खांद्याला लावली, आणि बराच वेळ डोळे उघडलेच नाहीत. गाल दस्त्यावर होता आणि हनुवटी लुगड्याच्या काठावर. मी घाई केली नाही. मग त्यांनी डोळा उघडला.

‘आबा, दिसतंय?’

‘बठ्ठं,’ आबा म्हणाले. ‘बठ्ठं दिखस.’